पाळण्यातलं नाव

क्वीन्सटाउन,
सिंगापूर, ७ सप्टेंबर २०२५

चि. अनघा,

'चि.' सवयीने लिहिलं गेलं, ते राहू दे. त्यापुढचे 'अनेक आशीर्वाद' मात्र आज लिहीत नाही.

कागदावरचं पत्र बघून हसशील. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि मेसेज केला की त्याच्याखाली लाल बदाम चिकटवून मोकळी होतेस. कागदाला बदाम चिकटवता येत नाही, म्हणून हा उद्योग.

परवा दुपारी ऑफिसच्या लोकांबरोबर अलेक्झांड्राच्या हॉकर सेंटरमध्ये जेवत होते. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर सवितावहिनींनी टाकलं होतं, 'आपल्या संजीवनीच्या बहिणीच्या सिनेमाला युरोपात मोठं बक्षीस! अभिमान, अभिमान!' खाली ट्रेलर. माझ्या टीममधला कुशल म्हणाला, "मॅडम, आवाज मोठा करा ना, आम्हालाही बघू दे." केला मोठा. मला काय माहीत!

'प्यो सांग-रोक यांचा नवा चित्रपट : नवव्या मजल्यावरचा पाळणा.' एक स्वयंपाकघर. दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी टाकलेली कपडे वाळत घालायची बांबूची काठी. काठीला साडीची झोळी. दोन बायका झोळीच्या दोन बाजूंना बसून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी एकमेकींना खालून देतायत, वरून घेतायत. मग त्यातली एक दुसरीच्या कानाशी वाकते, बराच वेळ काही बोलत नाही, आणि एक नाव उच्चारते.

अनघा, ते नाव.

मी ताटातला भात तसाच टाकून उठले. कुशलला वाटलं मला ठसका लागलाय, तो पाणी घेऊन मागे धावला.

ते नाव जगात दोन माणसांना माहीत होतं. एक मी, एक तू. बाळ नऊ दिवस नोव्हेनाच्या हॉस्पिटलात त्या काचेच्या पेटीत होतं. त्याचं हृदयच अपुरं होतं, कुणाचा दोष नव्हता, डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. प्रबोध मंडाईच्या स्मशानातून परत आला, आंघोळ केली आणि मला म्हणाला, "नाव नको ठेवूस. नाव असलं की हाक मारावीशी वाटते." कागदांवर 'संजीवनीचा मुलगा' एवढंच राहिलं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेला. त्याची ती पद्धत.

तू बाळंतपणासाठी म्हणून पुण्याहून आली होतीस. बाराव्या दिवशी सकाळी जाईला प्लेस्कूलला सोडून आलीस आणि म्हणालीस, "ताई, बारसं करू या." मी तुझ्यावर ओरडले होते. मग उठून आईची साडी काढून दिली ती मीच. प्रबोधला बहीण नाही, म्हणून आत्या तू झालीस. आपल्याकडे बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, इथे वरवंटा कुठला, म्हणून खलाचा बत्ता घेतला. हॉस्पिटलातून आलेल्या छोट्या टॉवेलात तो गुंडाळला. आणि नाव सांगायला कान नव्हता, म्हणून तू ते माझ्या कानात सांगितलंस. मग आपण उकडलेले हरभरे खाल्ले, झोळी सोडली, काठी खिडकीबाहेर लावली, आणि जाई यायच्या आत घर होतं तसं करून ठेवलं.

हे मी प्रबोधला सांगणार होते. इतकी वर्षं सांगितलं नाही हे खरं, पण सांगणार होते. माझ्या वेळेने आणि माझ्या तोंडाने. बाळाचं माझ्याकडे दुसरं काही नाही, अनघा. फोटोही प्रबोधने काढू दिला नव्हता. ते एक नाव आहे, आणि ते त्याच्या बापाला सांगणं तेवढं माझं राहिलंय.

मला एवढंच कळव की तू त्या माणसाला सांगितलं नाहीस. दुसरं कुठलंही कारण चालेल. योगायोग म्हणालीस तरी मी विश्वास ठेवायचा प्रयत्न करीन.

— ताई


क्वीन्सटाउन,
२८ सप्टेंबर

अनघा,

तुझा रेकॉर्ड केलेला निरोप मिळाला. ऑफिसातून येताना स्टेशनवरच्या बाकावर बसून ऐकला, कारण घरी प्रबोध असतो आणि जाईचे कान तर भिंतीतून ऐकतात. तीन गाड्या सोडल्या.

म्हणजे तूच.

तुझ्या गाम्दोकनिमचा, म्हणजे दिग्दर्शकसाहेबांचा, तो नियम मला पाठ झालाय. युनिटमध्ये नवीन माणूस आलं की प्यो साहेब स्वतःच्या हाताने नूडल्स करून त्याला वाढतात, फोन बंद करायला लावतात आणि म्हणतात, एक खरी गोष्ट दे. स्वतःची. आजवर कुणालाच न सांगितलेली. ती दिली की तू आमचा. पुन्हा कधी त्याबद्दल विचारत नाहीत. तू पहिल्यांदा कोरियात, सोलला गेलीस तेव्हा हे मला किती कौतुकाने सांगितलं होतंस! 'ताई, त्यांच्यासमोर खोटं बोलताच येत नाही गं.' मी विचारलं होतं, मग तू काय दिलंस? तू म्हणालीस, 'ते सांगायचं नसतं.' आणि मी, मूर्ख, तुझ्या सचोटीवर खूश झाले होते.

आता म्हणतेस, 'ताई, माझ्याकडे त्या वयात खरं असं काही घडलेलंच नव्हतं. ते समोर बसले होते, वाडगं गार होत होतं, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं.' वा! विरजण संपलं म्हणून शेजारणीकडे जाणारी बाईसुद्धा आधी दारावरची बेल वाजवते. तू विचारलंही नाहीस. आणि नुसतं माझ्या बहिणीचं म्हणून सांगितलं असतंस तरी मी एखाद वेळी गिळलं असतं. तू 'माझं बाळ' म्हणालीस. तो भाग मी दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा वाटलं, गाडीच्या आवाजात मलाच नीट ऐकू आलं नाही.

मग तुझा तो युक्तिवाद. 'नाव तर मीच ठेवलं ना, ताई? तेवढं तरी माझं आहे.' अगं, आत्या नाव ठेवते म्हणून मूल आत्याचं होत नाही! आत्याला साडी मिळते. तुलाही मिळाली होती, मोरपंखी. व्यवहार तिथे संपला.

आता नीट वाच. हा सिनेमा डिसेंबरमध्ये इथल्या फेस्टिव्हलला येतोय, हे मला प्रबोधकडून कळलं, तुझ्याकडून नाही. त्याने बुकिंग उघडल्या उघडल्या आमची तिघांची तिकिटं काढली. मेहुणीचा सिनेमा, पडद्यावर तिचं नाव येणार, शिवाय शूटिंग सिंगापूरचं. ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलाय. त्याला आता काय सांगून थांबवू?

मी सिनेमा थांबवा म्हणत नाही. काठी ठेवा, झोळी ठेवा, आमचा बत्ता ठेवा. माझं दुःख ठेवा, चांगलं दिसतंय पडद्यावर. फक्त ते नाव काढा. एक शब्द. तूच मला शिकवलंस की ओठ आणि आवाज वेगळे जोडता येतात. त्या जागी दुसरं कुठलंही नाव घाला, मुलांच्या नावांची पुस्तकं मिळतात बाजारात.

तू म्हणतेस ते पूर्ण झालेल्या सिनेमाला हात लावत नाहीत, वीस वर्षांत लावलेला नाही. मग तू त्यांना खरं सांग. गोष्ट तुझी नव्हती हे कळलं तर तुला युनिटमधून काढतील अशी भीती तुला आहे, ते मला समजतं. दहा वर्षं तू तिथे राबलीस. पण मलाही भीती आहे, आणि माझी आधीची आहे.

— संजीवनी


क्वीन्सटाउन,
१९ ऑक्टोबर

अनघा,

उद्या दिवाळी. चकल्या या वर्षी मोडतायत, कारण माझं लक्ष नाही. जाईने एक तोंडात टाकली आणि म्हणाली, "Still can eat lah, Ma." एवढ्यावर समाधान मानायचं.

तुझं 'बोलते त्यांच्याशी' मिळालं. कधी, ते लिहिलेलं नाहीस. तोवर मी काय केलं सांगू? तुझ्या प्यो साहेबांचे सगळे सिनेमे पाहिले. जाईने कुठल्याशा साइटवर मला खातं काढून दिलं. म्हटलं, ज्याच्या घरात माझी वस्तू गेली तो माणूस कोण आहे ते बघावं तरी.

तू सांगायचीस त्यातलं बरंच विसरले होते, ते पुन्हा वाचलं. बंदराच्या गावातला मुलगा, बाप होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. टीव्हीवर हवामानाच्या बातम्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करायची नोकरी. मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर काढलेला पहिला सिनेमा, 'मिठाचं गोदाम', तो बघायला त्याचे नातेवाईकच तेवढे आले, आणि तिकीटखिडकीवर स्वतःच बसला होता. दुसऱ्याला, 'उतरत्या बाजारा'ला, युरोपातलं बक्षीस. छत्तिशीत उस्ताद म्हणून डोक्यावर घेतला. मग तिसरा, मोठ्या कंपनीचा, मोठ्या नटाचा, 'सोन्याची लिफ्ट'. तो मी अर्धाच पाहू शकले. प्रबोध पहिल्या पंधरा मिनिटांत घोरायला लागला. आपटला, आणि असा आपटला की पुढे कित्येक वर्षं कुणी दारात उभं केलं नाही. 'त्या सिनेमातल्या एकाही माणसाला मी ओळखत नव्हतो,' असं त्यानेच एका मुलाखतीत म्हटलंय. हे मला आवडलं, काय करू.

त्या वर्षांत तो बायकोच्या नूडल्सच्या दुकानात भांडी घासत होता. रिकाम्या वेळी येणारी गिऱ्हाइकं वाडग्यावर वाकून त्याच्याशी बोलायची. तिथून तुमचा तो नियम निघाला. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाची गोष्ट घेऊन त्याने 'झाकण' काढला, ती बाई मेलेल्या नवऱ्याचा भात रोज झाकून गरम ठेवते ना, तो. आणि माणूस परत उभा राहिला. नंतरचा प्रत्येक सिनेमा कुणा ना कुणाच्या वाडग्यातला.

'झाकण' बघून मी रडले, लपवत नाही. आणि रडले म्हणून स्वतःचाच राग आला. चोराच्या घरी गेले आणि चहा पिऊन आले!

त्याची ती एक लकबही आता ओळखीची झाली. महत्त्वाचा शब्द यायच्या आधी त्याची माणसं गप्प होतात. इतकी गप्प की प्रबोध दर वेळी विचारतो, "नेट गेलं का?"

पण एक गोष्ट मला कळत नाही. त्याच मुलाखतीत तो म्हणतो, 'लोकांची गोष्ट मी घेतो, पण नाव परत करतो. माझ्या सिनेमात कुणाचं खरं नाव नसतं.' मुलाखत घेणारी विचारते, कधीच नाही? तो म्हणतो, कधीच नाही, नाव त्या माणसाचं असतं. मग माझ्याच वेळी काय झालं? इतक्या वर्षांत नेमका माझ्या बाळापाशी हा माणूस विसरला? त्याला विचार. मला खरंच उत्तर हवंय.

काल प्रबोध दिवे लावता लावता म्हणाला, "ट्रेलर बघितला नाहीये मी मुद्दाम. सगळं एकदम मोठ्या पडद्यावर बघायचं." मी पणतीत तेल घालत होते. बाहेर सांडलं.

लवकर बोल गं त्यांच्याशी.

— ताई


क्वीन्सटाउन,
९ नोव्हेंबर

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

बघ, लिहिले. मागचे राहिलेलेही यातच धर.

तुझा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. 'ताई, बोलले त्यांच्याशी. होऊन जाईल. काळजी नको करूस.' तीन वेळा वाचला. समोर प्रताप, आमचा मॅनेजर, काहीतरी आकडे दाखवत होता, मी त्याला म्हटलं, फारच छान. त्यालाच कळेना काय छान.

तुला हे किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे. त्यांच्यासमोर बसून 'ते माझं नव्हतं' म्हणणं काही सोपं नाही. मी गेले दोन महिने तुला मनात काय काय बोलले ते तुला कधीच कळणार नाही, आणि न कळलेलंच बरं. तू माझी लहान बहीण आहेस, मी तुझे केस विंचरलेत, दुसऱ्या कुणाची चूक मी एवढी मनाला लावून घेतली नसती.

आता ऐक. हॉटेलात उतरायचं नाही. युनिट युनिटच्या ठिकाणी, तू इथे. जाईने स्वतःहून अर्धं कपाट रिकामं केलंय, हा चमत्कारच आहे. प्रबोध विमानतळावर येतो म्हणतोय. तुझ्यासाठी मेतकूट आणि भाजणी आणून ठेवली आहे, कोरियात तुला काय मिळत असेल देव जाणे.

आणि मी एक ठरवलंय. सिनेमा बघून आलो की प्रबोधला सांगायचं. काठी आणि बत्ता बघून तो विचारणारच, तेव्हा बाकीचं सगळं सांगायचं, आणि शेवटी नाव. तुझ्या सिनेमाचा मला एवढा तरी उपयोग होईल. मी आरशासमोर सराव करते चक्क! हसू नकोस.

ये लवकर.

— ताई


क्वीन्सटाउन,
७ डिसेंबर

अनघा,

काल शो संपल्यावर तू युनिटच्या गाडीत बसून गेलीस. रात्रीचं विमान आहे, असं जाईला सांगितलंस, मला नाही. तुझी बॅग न्यायला ड्रायव्हर आला, त्याच्या हाती मी मेतकूट दिलं नाही. ते इथेच आहे.

काय झालं ते तुला ठाऊक आहे, तू स्टेजवर होतीस. पण मी ज्या खुर्चीत बसले होते तिथून ते कसं दिसलं हे तुला ठाऊक नाही, आणि ते कळल्याशिवाय मी तुला सोडणार नाही.

स्वयंपाकघर आलं. काठी आली. मी प्रबोधचा हात धरला. बत्ता टॉवेलात गुंडाळताना त्याने माझ्याकडे वळून बघितलं, आणि मी मान हलवली, म्हणजे हो, घरी गेल्यावर सांगते. इतकी शांत होते मी. ती बाई दुसरीच्या कानाशी वाकली. ती गप्प होती तेवढा वेळ मी विचार करत होते, आता कुठलं नाव येईल, तू कुठलं सुचवलं असशील. 

तेच आलं.

प्रबोध माझ्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "छान नाव आहे, नाही?"

माझ्या नवऱ्याने त्याच्या मुलाचं नाव ऐकून मला हे म्हटलं, अनघा. एखाद्या मित्राच्या मुलाबद्दल म्हणावं तसं. आणि मी अंधारात 'हो' म्हणाले.

नंतर प्रश्नोत्तरं. तो चष्मेवाला विद्यार्थी उठला, त्याने माझाच प्रश्न विचारला. मिस्टर प्यो, तुम्ही कधीच खरं नाव ठेवत नाही, मग या वेळी का? प्यो साहेब बराच वेळ बोलले, दुभाषी मुलगी इंग्रजीत सांगत गेली. मला ते पाठ आहे. 'मी बदलणार होतो. या गोष्टीच्या आईला मी लिहितानाच विचारलं. ती म्हणाली, तेच राहू दे. मग सिनेमा या शहरात आणायचं ठरलं, हे सगळं याच शहरात घडलेलं, म्हणून गेल्या महिन्यात पुन्हा विचारलं. तुझी ओळखीची माणसं इथे असतील, अजूनही बदलतो, एका दिवसाचं काम आहे. ती म्हणाली, नको. माझ्या मुलाचं नाव जगाला ऐकू दे.' आणि त्यांनी हात लांब करून तुझ्याकडे दाखवलं.

गेल्या महिन्यात. मी तुझ्यासाठी भाजणी दळून आणत होते तेव्हा.

तू काही बोलली नव्हतीस त्यांच्याशी. तेच तुझ्याशी बोलले होते. ते बदलायला तयार होते, अनघा! पूर्ण झालेल्या सिनेमाला हात लावत नाहीत, ही थापही तुझीच. त्या म्हाताऱ्याने दोनदा माझ्या बाळाचं नाव परत करायला हात पुढे केला, आणि दोन्ही वेळा तो तू मागे ढकललास. मी त्याला चोर म्हटलं होतं. काल त्या सभागृहात माझ्याशी नीट वागलेला तो एकच माणूस होता, आणि मी कोण हे त्याला माहीतही नाही.

तू उठून कमरेत वाकलीस. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. सवितावहिनी रुमालाने डोळे पुसत होत्या. जाईसुद्धा उभी राहिली, फोन वर धरून, आणि मला म्हणाली, "Ma, Maushi had a baby meh? Why you all never tell me?"

प्रबोध उठला नाही. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता. मग म्हणाला, "अनघा आपल्याकडे आली होती तेव्हा..." आणि थांबला. "तो आपला खल आहे. ती आईंची साडी आहे." मला कळलं, आता त्याला कळलं.

गाडीत तो जाईच्या पलीकडे जाऊन बसला. घरी आल्यावर ओट्यावरचा बत्ता उचलला, हातात तोलून बघितला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. "तिला सांगितलंस," तो म्हणाला, "मला नाही."

"तूच नाव नको म्हणाला होतास."

"त्या दिवशी, संजीवनी. मी त्या दिवशी म्हणालो होतो."

याचं काय ते मी आणि तो बघून घेऊ. त्याबद्दल तुला पत्रात काही मिळणार नाही, तू त्यातूनही काहीतरी काढशील.

तू सभागृहाच्या दारातून निघताना जाईकडे माझ्यासाठी निरोप ठेवलास, 'ताईला सांग, कुणीतरी एकदा ते मोठ्याने म्हणायला हवं होतं.' हवं होतं! मी म्हणणार होते ना. आरशासमोर सराव करत होते, हे मी तुला लिहून कळवलं होतं. ते वाचूनही तू नको म्हणालीस. की वाचलंच नव्हतंस? यातलं कुठलं जास्त वाईट ते मी अजून ठरवलेलं नाही.

तुझ्या प्यो साहेबांना मी काही कळवणार नाही. ही दया समजू नकोस. आणखी एका माणसाला ही सगळी कथा सांगत बसायची माझी ताकद उरलेली नाही. तू तिथे राहा, वाडगी धू, बक्षिसं घे. लोक तुला बाळ गेलेली आई समजून जपतील, ते सहन करत जग. यापुढे मला पत्र, फोन, बदाम काही पाठवू नकोस.

फक्त आज सकाळचं सांगते आणि थांबते.

जाई नेटबॉलला गेली. मी चहा ओतत होते. प्रबोध आत आला, त्याचे डोळे सुजले होते. म्हणाला, "मला तू सांग. पडद्यावरचं सोड. मला ते तुझ्याकडून ऐकायचंय." आणि त्याने खाली वाकून कान माझ्या तोंडाशी आणला. पंचावन्न वर्षांचा माणूस. मी भांडं खाली ठेवलं. या क्षणाची मी किती वाट बघितली होती ते तुला माहीत आहे.

मी तोंड उघडलं, आणि गप्प झाले. मी अशी थांबणारी बाई नाही, अनघा, तू मला ओळखतेस, माझं बोलणं दुसऱ्याचं संपायच्या आत सुरू होतं. ते थांबणं माझं नव्हतं. ते त्याच्या सिनेमातलं होतं. मग नाव आलं, तेही त्या नटीसारखंच, खालच्या आवाजात, शेवट लांबवून. मी पुन्हा म्हटलं, भराभर, माझ्यासारखं. तेव्हा मुद्दाम वेगळं केल्यासारखं वाटलं. तिसऱ्यांदा जमलं नाही.

प्रबोध डोळे मिटून वाट बघत होता. मग सरळ झाला आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "हो," तो म्हणाला. "कालचंच." त्याला लागेलसं काही बोलायचं नव्हतं. तो फक्त खरं बोलला.

माझ्या बाळाचं नाव त्याच्या बापाला मी सांगायचं होतं, अनघा. त्याला ते तिकीट काढून कळलं.

— संजीवनी